वाक्य पुरं व्हायच्या आत

“पोरगी... दे... दे...” खुशालरावांची जीभ टाळूला चिकटली. मान ताणली गेली, डोळे मिटले. चांदूर रेल्वेहून त्यांच्या लेकीला, शालूला पाहायला आलेले पाहुणे आधी खाली बघत बसले. मग मुलाच्या मामाने तोंडावर उपरणं धरलं आणि त्याचे खांदे हलू लागले. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

लीलाबाईंना ते सोसवेना. नवऱ्याची अशी शोभा होऊ लागली की त्या धावून येत. बावीस वर्षं त्यांची वाक्यं त्याच पुरी करत आल्या होत्या. दारातूनच त्या म्हणाल्या, “पोरगी देतो म्हन्तात ते.”

मध्यस्थ नत्थुजींनी मांडीवर थाप मारली. “झालं तं मंग. साखर आना.”

खुशालरावांना ‘देत नाही’ म्हणायचं होतं. आठवड्यापूर्वी अमरावतीच्या कापूस बाजारात त्यांनी या मुलाला पाहिलं होतं. जुवाखाली कोसळलेल्या बैलाला तो पराणीच्या लोखंडी टोकाने भोसकत होता, आणि हसत होता. तोच हा, हे त्यांना आज तो ओसरीवर चढला तेव्हा कळलं.

त्यांनी पुन्हा जोर लावला. “ना... ना...”

“नारळ राहिला म्हन्तात,” नत्थुजी म्हणाले. सगळी ओसरी खदखदून हसली. खुशालरावांनी तोंड मिटलं. कुणीतरी त्यात साखर कोंबली.

पाहुणे गेल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. फार वेळ लागला. लीलाबाई रडल्या, पण म्हणाल्या, “शब्द गेला आता. फिरवला तं लोक तुमालेच हासतील.” ते हसू पुन्हा झेलायची खुशालरावांची छाती नव्हती.

दोन वर्षांनी, बासष्टच्या चैत्रात, शालू माहेरी आली ती कायमची. मोडलेला डावा हात कोपरात वाकडाच जुळून आला होता. लीलाबाई शेतात गेल्या होत्या. खुशालराव लेकीपुढे बसले. अडखळत, घाम पुसत त्यांनी एक वाक्य शेवटापर्यंत नेलं.

“शा... शालू, मी त... तवा ना... नाही म्हनत होतो.”

शालूने मध्ये शब्द पुरवला नाही. सगळं ऐकून घेतलं.

“मले मालूम हाये, बाबा,” ती म्हणाली. “तुमचा ‘ना’ आयकला होता मी. पुढचं कवा बोलता म्हनून माजघरात वाट पाहून राहिली होती.”