पहिला हात

हद्दूने बिस्मिल्ला म्हणून काठ्यांचा पहिला टोला दिला. मोठं घंगाळ, त्यावर ताणून बांधलेलं तलम कापड, कापडावर भांगेचा वाळलेला पाला आणि वरून घट्ट आवळलेलं प्लास्टिक. ढोलच तो. बाहेर रीफच्या डोंगरांवर कोरडी, कडाक्याची थंडी पडली होती. चरस झाडायला असाच दिवस लागतो.

समोर हाजी लारबी मांडी घालून बसला होता, हद्दूच्या बापाच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. धाकटा भाऊ मीमून घंगाळ धरून होता. गाढवाच्या ओझ्याएवढ्या पाल्यातून पहिल्या हाताला, म्हणजे पहिल्या बडवणीला, जेमतेम काही ओंजळी धूळ पडते, पण ती सोनेरी. चार टोले जास्त पडले की पाला चुरतो, हिरवा भुगा खाली उतरतो आणि पहिल्या हाताचा दुसरा हात, म्हणजे हलका माल, होऊन बसतो. मग रडून उपयोग नाही. कधी थांबायचं ते फक्त कापडाखालचा बारीक आवाज सांगतो.

आणि नेमका तोच आवाज हद्दूला दोन-तीन हिवाळे ऐकू येत नव्हता. हे कोणाला कळलं असतं तर काठ्या मीमूनकडे गेल्या असत्या. मीमूनला वजन कळतं, बाकी आनंदच.

मान कलती करून, ऐकण्याचं सोंग आणून तो बडवत राहिला. थंडीतही पाठीला घाम फुटला.

"बडव दादा, अजून पुष्कळ आहे त्यात," मीमून म्हणाला. "की कान दमले? गावात बोलतात हो लोक."

"गावाला काय, तोंड आहे."

इतक्यात आतून यामनाची हाक आली. "ओ मोहंदचे बाबा! चहा झाला, उठा!"

बायकोची ही हाक ठार बहिऱ्यालाही ऐकू गेली असती.

"हिला नेहमी हीच वेळ सापडते," हद्दू चरफडला आणि त्याने काठ्या खाली ठेवल्या.

मीमूनने कापड उचललं. हाजीने चिमूटभर धूळ तळहातावर घेऊन अंगठ्याने दाबून गोळी केली. नुसत्या उबेने ती मऊ झाली, काळी, तुकतुकीत. पेटती काडी जवळ नेताच गोळी उतू जाणाऱ्या दुधासारखी फसफसली.

"सुभानल्ला," हाजी मशिदीत बोलावं तसं हळू म्हणाला. "तुझ्या बापालाही हे वर्षाआड साधायचं, हद्दू. तुझं हे सलग तिसरं वर्ष. काय कान आहेत तुझे!"

हे आपल्या हातून झालं, यावर हद्दूचाच विश्वास बसत नव्हता. चहा आणायला म्हणून तो आत गेला.

चूल थंड होती. किटली उपडी. पुदिन्याची जुडी दोऱ्यात बांधलेली, तशीच. यामना पीठ मळत होती.

तो दारातच थबकला. मागच्या वर्षी शेळी सुटली म्हणून तिने हाक मारली होती. त्याच्या आदल्या वर्षी शेजारीण आली म्हणून. दर वेळी तो चिडून काठ्या टाकून उठला होता.

"शेळी सुटली नव्हती?" त्याने विचारलं.

"ती म्हातारी कुठे सुटतेय." यामनाने मान वर केली नाही. "पाला चुरायला लागला की घंगाळ खोकल्यासारखं वाजतं. लग्न होऊन आले तेव्हापासून या भिंतीतून ऐकतेय. जा आता, दुसरा हात राहिलाय."

आयुष्यभर जिच्या हातची भाकरी खाल्ली, तिच्यापुढे उभं राहायला हद्दूला आज धाक वाटला. तो बाहेर आला.

"चहा कुठाय?" हाजीने विचारलं.

"होतोय."

मीमूनने पाला पुन्हा आवळून ठेवला होता. हद्दू नेहमीच्या जागी बसला नाही. घंगाळाला वळसा घालून, त्यातल्या त्यात बरा कान स्वयंपाकघराच्या दाराकडे करून तो बसला. मगच त्याने काठ्या उचलल्या.