कोऱ्या कापडावरचं कुलचिन्ह

सुरैयाच्या टेमघरच्या यंत्रमाग कारखान्यात साधं पांढरं कापड निघायचं. एकदा त्यात चार ठिकाणी तीन पानांचं गोल चिन्ह विणून आलं. तिने फोटो इंटरनेटवर टाकला. तो पाहून पूर्वजांचा शोध घेणारे मोरिता जपानहून थेट कारखान्यात आले.

"हे आमच्या घराण्याचं चिन्ह आहे," फोनमधल्या अ‍ॅपने भाषांतर करत ते संतापाने म्हणाले. "कुणाला विचारून विणलंत?"

"उलट मीच विचारते," सुरैया भडकली. "माझा माल वाया चाललाय. या लूमवर नक्षी निघूच शकत नाही."

पुरावा म्हणून त्यांनी पणजोबांचा काळा अंगरखा उलगडला. त्यावर पाच चिन्हं असायला हवी होती. चार जागा कोऱ्या होत्या.

पाठीवरचं पाचवं त्यांच्या डोळ्यांदेखत पुसट होऊ लागलं.

मागे चालू असलेल्या लूमवरून कारागीर शादाब म्हणाला, "खाला, अजून एक येतंय."