मेजवानी मोडणारा मौलाली

"साहेब, बंगला तुमच्या एकट्याच्या नावानं दिलाय," राखणदार मौलालीनं हात जोडून सांगितलं. "जास्तीची माणसं ठेवायची तर वकीलसाहेबांची चिठ्ठी लागती."

"फौजदाराला चिठ्ठी मागतोस?" फौजदार हसले आणि ग्रामोफोनला किल्ली देऊ लागले.

फाटकात नसरापुराहून आलेल्या तीन बैलगाड्या उभ्या होत्या. त्यांतून पुण्याचे दहा-बारा दोस्त, एक बोकड आणि खोकंभर बाटल्या उतरत होत्या.

गुंजवणीकाठचा हा बंगला पुण्याच्या एका वकिलांचा. हवापालटाला, शिकारीला येणाऱ्यांना तो चार-आठ दिवस भाड्यानं मिळे. अट एकच, मेजवान्या झोडायच्या नाहीत. चार वर्षांपूर्वी एका टोळक्यानं व्हरांड्यात चूल मांडून सागवानी खुर्च्या जाळल्या होत्या. तेव्हा वकिलांनी मौलालीला बजावलं होतं, "आणखी एक मेजवानी झाली, की किल्ल्या ठेवायच्या आणि आपल्या घरी भोरला चालू लागायचं."

त्यानंतर मौलालीनं एकही मेजवानी होऊ दिली नव्हती. पाहुण्यांशी तो कधी भांडला नाही. फक्त गावातल्या दूधवाल्या ठकुबाईला निरोप द्यायचा. तासाभरात बंगल्यापुढच्या वाटेनं तिरडी निघे, नदीपल्याडच्या स्मशानाकडे. दारावरून प्रेत गेल्यावर घास कुणाच्या घशाखाली उतरणार? पाहुणे मुकाट्यानं गाशा गुंडाळत.

तिरडीवर गावातलाच गेनबा असे. खोट्या मरणानं आयुष्य वाढतं अशी त्याची समजूत, त्यामुळं तो हौसेनं निजायचा. पहिल्याच खेपेला त्याला हसू फुटलं, तेव्हापासून ठकुबाई त्याचं तोंड झाकून टाकी. आणि ठकुबाईचं रडणं! ऐकणाऱ्याला आपलंच कुणी गेल्यासारखं वाटे. मौलालीला त्या बाईचं फार कौतुक होतं.

पण आजचा पाहुणा साधासुधा नव्हता. तारा तोडून भूमिगत झालेले एक गुरुजी याच खोऱ्यात लपलेत, अशी फौजदारांना खबर होती. बेचाळीसची दिवाळी सरली तरी गुरुजी हाती लागले नव्हते. नदी पायी ओलांडायच्या उतारावर आठ दिवस शिपाई बसले होते, गवताचे भारेसुद्धा उसकटून बघत होते. अशा माणसाला फसवायचं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात. पण न फसवावं, तर भाकरी जाणार.

मागच्या दारी ठकुबाई दूध घालायला आली होती. मौलालीनं तिला गाठलं.

"ठकुबाई, आज जमंल का? गाठ फौजदाराशी हाय."

तिनं व्हरांड्यातल्या फौजदारांना एकदा न्याहाळून घेतलं.

"जमंल की. आजच जमंल," ती म्हणाली. "तुमी निस्तं बगा, भाऊ."

बोकड अजून झाडाला बांधलेलाच होता, तोच वाटेवर हंबरडा उठला. ठकुबाई ऊर बडवत पुढं, मागं तिरडी. व्हरांड्यातली हसणी जागच्या जागी थांबली.

फौजदारांनी ग्रामोफोन बंद केला. "कोण गेलं, बाई?"

"माजा चुलतदीर, सायेब! लई मायाळू मानूस!"

फौजदारांनी बूट काढले. अनवाणीच ते फाटकाबाहेर गेले आणि त्यांनी तिरडीला खांदा दिला. आता गेनबा हसला की संपलं! पण गेनबा आज हूं की चूं करीना. उतारावरच्या शिपायांनी साहेबांना पाहून सलाम ठोकला आणि वाट मोकळी केली. पलीकडच्या काठावर तिरडी पोचवून फौजदार ओल्या पायांनी परतले.

"गावात माती झालीय. आज हे बरं दिसत नाही," ते दोस्तांना म्हणाले. माणूस मनानं वाईट नव्हता, हे मौलालीला कबूल करावंच लागलं.

दुपारी गाड्या परत फिरल्या. बोकडही जिवंतच गेला.

दिवस मावळायच्या आत मौलाली गूळखोबरं घेऊन गेनबाच्या झोपडीत गेला. गेनबा घोंगडीखाली कुडकुडत होता. उशाशी ठकुबाई काढा घेऊन बसली होती.

"वा रं गब्रू! आज झकास निजलास."

"कुटं निजलो?" गेनबा कण्हला. "म्या सकाळधरनं हिवतापानं हितंच पडलोय."

मौलालीच्या हातातलं गूळखोबरं तसंच राहिलं. "मग तिरडीवर कोण व्हतं?"

ठकुबाईनं आधी दार लोटलं.

"गुरुजी पल्याड पोचलं, भाऊ. अंगानं जरा जड हायेत. फौजदारसायबांचा खांदा दुकत असंल, त्येला वाईच मिठानं शेकून द्या."