दिवसातून दोनदा, पातळ थर

“चुरचुरतंय का गं?”

“नाही. पण तू फुंकर घाल,” भिंगरी म्हणाली आणि कोपर आजीच्या मांडीवर टाकून मोकळी झाली.

आजीने फुंकर घातली. खरं तर आता फुंकर घालण्यासारखं तिथे काही उरलंच नव्हतं. चार महिन्यांपूर्वी आजी इथे आली तेव्हा नातीच्या कोपरांच्या खळग्या लालबुंद होत्या, खाजवून खाजवून चादरीला रक्ताचे ठिपके पडत. एक्झिमा. आईबाप दोघेही नोकरीवाले, मलमाची एक वेळ हटकून राहायचीच. म्हणून मुलाने आजीला बोलावून घेतलं. “हात बरे झाले की तुला सोडून येतो,” हेही तेव्हाच सांगून टाकलं.

डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. “आजी, या मलमात स्टेरॉइड नाही, उगाच घाबरू नका. सुरुवातीला थोडं चुरचुरेल. दिवसातून दोनदा, पातळ थर. एक वेळही चुकवायची नाही.”

आजीने एक वेळही चुकवली नाही. आणि तिथेच घात झाला! हात बरे झाले.

त्याला आता तीन आठवडे होत आले. आजी अवाक्षर बोलली नव्हती. ती नातीला साधं मॉइश्चरायझर चोळायची आणि ट्यूब भरलेली दिसू नये म्हणून वाटाण्याएवढं मलम बेसिनमध्ये पिळून वर पाणी सोडायची. या वयात ही चोरी! तिची तिलाच लाज वाटायची. पण तिकडच्या घराचं कुलूप उघडलं की बोलायला भिंती. इथे शाळा सुटली की दप्तरासकट कुणीतरी गळ्यात पडतं. तिला जायचं नव्हतं. अजिबात जायचं नव्हतं.

धाक होता तो सूनबाईचा. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी बाई, तिच्या नजरेतून काय सुटणार? त्यात बोलणंही मोजकं. संध्याकाळी पर्स खुंटीला अडकवता अडकवता विचारायची, “काय म्हणतायत हात?”

“आहेत अजून जरा खरखरीत.”

“बरं.”

एवढंच. त्या ‘बरं’चा आजी एकच अर्थ लावायची. हिला आपली अडचण होतेय, दुसरं काय! तपासणीची वेळ दोनदा ठरली, दोन्ही वेळा सूनबाईला ऐनवेळी सुट्टी मिळाली नाही आणि आजीचा जीव भांड्यात पडला. तिसऱ्यांदा मात्र मुलानेच वेळ घेतली. “डॉक्टर हो म्हणाले तर शनिवारी निघू, आई. गाडी सांगून ठेवलीय. तुझीही किती दिवस ओढाताण!”

आजी “हो रे बाबा,” म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली.

दवाखान्यात डॉक्टरांनी भिंगरीच्या बाह्या वर केल्या. एक कोपर पाहिलं, दुसरं पाहिलं. सूनबाई शेजारच्या खुर्चीत रुमालाची घडी मोडत होती, पुन्हा घालत होती. आजीला राहवेना. दुसऱ्याच्या तोंडून उघडं पडण्यापेक्षा आपणच बोललेलं बरं.

“डॉक्टर, मी आधी सांगते.” तिने नातीची बाही खाली ओढली. “हात केव्हाच बरे झालेत. तीन आठवडे मी घरात खोटं बोलतेय. मलम बेसिनमध्ये ओततेय. बरे झाले म्हटलं असतं तर मला जावं लागलं असतं, आणि मला या पोरीवाचून करमत नाही हो. सूनबाई, तुला काय बोलायचं ते बोल. मी ऐकून घेईन.”

सूनबाईने मान खाली घातली. कान मात्र लाल झाले होते.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि आलेलं हसू कसंबसं दाबलं.

“कमाल आहे तुमच्या घराची! आजी, हात बरे झाल्याचं मला पंधरा दिवसांपूर्वीच कळलंय. तुमच्या सूनबाईंचाच फोन आला होता, ‘मलम बंद करू ना? पण डॉक्टर, आमच्या आईंना थांबवून घ्यायला कागदावर आणखी काहीतरी लिहून द्याल का?’”