गेटखोलीचे फोटो

"पुस. माझ्या डोळ्यांदेखत पुस," चिमणाबाई म्हणाली. हातातला कोयता तिने खाली ठेवला नव्हता.

घोटीजवळच्या त्या रेल्वेफाट्यावरून मालगाडी जायची बंद होऊन वीस वर्षं झाली होती. रुळांत करवंदीची झुडपं माजली, फाटक मोडून पडलं. उरली ती गेटमनची खोली आणि गेटमनची बायको. नवरा पुंजा वारला तरी ती हलली नाही. जाणार कुठं?

आणि आज खोलीचा फोटो काढताना सापडलेला हा पोरगा, आवेज, म्हणे अंबडच्या कारखान्यात कामाला, सुट्टीला बंद पडलेल्या लाइनींचे फोटो काढत हिंडतो. गंजक्या रुळांचे! असल्या थापा चिमणाबाईने पुष्कळ ऐकल्या होत्या. दिराच्या भातखाचरातही आधी असाच एक गोडबोल्या फोटो काढून गेला. मग लाल खुणांचे दगड आले, मग नोटीस, आणि खाचरावरून हमरस्ता गेला.

"मावशी, माझा सरकारशी काही संबंध नाही." आवेजने मोबाइल पुढे केला. "बघा ना, पाच वर्षं येतोय मी."

तिने पाहिलं. तिचीच खोली. दारात ती, तांदूळ निवडताना. पुढच्या फोटोत शेळी, तीन वर्षांपूर्वी मेलेली. प्रत्येक फोटोखाली तारीख. म्हणजे मेला पाच वर्षं डोळा ठेवून होता!

"समदे पुस. दुसरीकडं ठिवलेत का?"

"नाही मावशी, इथंच होते."

त्याचा चेहरा पडला, पण एकेक करून त्याने सगळे पुसले. त्या दिवशी चिमणाबाई पोटभर जेवली.

पंधरवड्याने जीप आली आणि खरोखरचा साहेब उतरला. खोली पाडायची होती. पण माणूस सालस निघाला. ओट्यावर बसून पाणी प्यायला.

"आजी, पाच वर्षं इथं राहताय याचा पुरावा द्या. गावात पक्कं घर मिळेल."

रेशनकार्डावर दिराच्या घरचा पत्ता होता. वीज तर खोलीत कधी आलीच नव्हती.

"तारीख असलेला फोटोही चालेल. इथं कुणीच कधी फोटो काढला नाही का?"

चिमणाबाईने करवंदीत बुडालेल्या रुळांकडे पाहिलं.

"काढला व्हता," ती म्हणाली. "लय गुणाचा पोरगा व्हता, साहेब."