माइकचा स्पंज

दिग्दर्शकाच्या माइकचा स्पंज थुंकीनं आंबायचा, म्हणून नाटकाचं बॅकस्टेज सांभाळणारी ताई प्रत्येक प्रयोगाआधी नाक दाबून तो बदलायची. आजही चार्जरवरचे दिवे हिरवे झाल्यावर तिनं हेडसेट वाटले. हजेरी घ्यायला ती बटण दाबणार, तोच कानात दिग्दर्शकाचाच आवाज आला. हेडसेट गळ्यात अडकवून माइक बंद करायला विसरलेला गडी निर्मात्याशी गप्पा हाणत होता. “पडदा ओढणारी नवी बाई ना? अंगाला हात लावला की कशी दचकते! दौऱ्यावर बघतोच तिला.” मागोमाग मिटक्या वाजल्या. कानातच थुंकी उडाल्यासारखी ताईला शिसारी आली. हे सगळ्यांच्याच कानात गेलं होतं. तिनं हजेरी सुरू केली. “लाइट?” “तयार,” लाइटवाला खुदखुदला. “साउंड?” “तयार.” तोही खुदखुदला. “पडदा?” पडदेवालीनं हेडसेट उतरवून ताईच्या हातात ठेवला. दिग्दर्शकानं हेडसेट कानाला लावला. “पडदेवाली कुठे मेली?” “पडदा उघडणार नाही, सर,” ताई म्हणाली, “तुमचा माइक मघापासून चालूय.”