टर्बो नसलेली गाडी

"टर्बोला तेल पोचवणारी नळीच फुटलीय," बॉनेटखालून डोकं काढत नोरीन म्हणाली. "अशीच रेटलीस तर इंजिनाचं वाटोळं होईल."

ग्रँट पेलोनं टोपीनं माशा हाकलल्या. "नवी आहे का तुमच्याकडे?"

"नाही रे बाबा. ट्रकवाला गुरुवारी आणेल."

काउंटरखालच्या खणात तशा दोन नळ्या होत्या. पण नोरीनला चेहरा पाहताक्षणी ओळख पटली होती. जुन्या गाड्यांच्या जाहिरातीतला हसरा चेहरा. याच माणसानं इंजिनाला गेलेल्या तड्यात नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून एक गाडी तिच्या रोरीच्या गळ्यात मारली होती. पुढच्या वाळूच्या टेकड्यांत ती बंद पडली आणि पोरगा तहानेनं तडफडून मेला. दरवर्षी शर्यतींना जाताना हा मेला तिच्या पेट्रोल पंपावरून धूळ उडवत पुढे जायचा. यंदा थांबावं लागलं. नोरीन कोण, हे त्याला ठाऊकही नव्हतं.

"गुरुवार? अहो बाई, उद्या माझी घोडी धावतेय!"

"मग टर्बोची थेरं करायची नाहीत. एवढीशी नळी गेली की सगळा डोलारा खाली."

"उगाच नावं ठेवू नका. वाळूच्या चढावर टर्बोसारखा जोर नाही. ती जुनी धुडं नुसती धापा टाकतात."

"धापा टाकतात, पण घरी आणून सोडतात."

ग्रँट खो खो हसला. "हे तर माझं वाक्य! जुन्या गाड्या विकायचो तेव्हा गिऱ्हाइकाला हेच ऐकवायचो. टर्बो नाही, म्हणजे मोडायला काही नाही! माना डोलवायचे आणि किल्ली घ्यायचे लेकाचे."

"आणि आता?"

"आता टर्बो विकतो. वाक्य बदललं."

नोरीननं त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. मग खिळ्यावरची किल्ली काढली.

"मागच्या शेडमध्ये माझी एक आहे. टर्बो नाही, म्हणजे मोडायला काही नाही. घेऊन जा."

शेडमध्ये हिरवी पिकअप उभी होती. ग्रँटनं बॉनेटवर थाप मारली. "वा! असल्या कितीतरी विकल्यात मी."

"ओळखशील त्यातली एखादी?"

"गाड्या कोण लक्षात ठेवतं हो?"

तिनं किल्ली त्याच्या हातात दिली. "पाण्याचा कॅन देऊ?"

"कशाला ओझं? तीन तासांचा तर रस्ता. बीअर आहे माझी."

"बरं."

इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. "ठणठणीत आहे की!" ग्रँट ओरडला. "परवा आणून देतो!"

धूळ पहिल्या टेकडीपलीकडे गेल्यावर नोरीननं खणातली नळी काढली आणि त्याच्या गाडीला बसवली. गाडी सुरू केली. टर्बोची बारीक शीळ ऐकू आली. उत्तम गाडी होती, कुठल्या कुठे गेली असती.

मग ती रिकाम्या शेडमध्ये आली आणि कोपऱ्यातला रंगाचा वाळलेला डबा कचऱ्यात टाकला. हिरव्याचे तीन हात दिले, तेव्हा कुठे रोरीच्या गाडीचा निळा रंग झाकला गेला होता. इंजिनाच्या तड्यात मात्र तिनं ग्रँटनं भरली होती तशीच, नुसती लांबी भरली होती.